देवांच्या भांडणात माणूस

देव आणि दैत्य यांच्या लढाईत आपले मन फारसे गोंधळत नाही. पिंपळगाव बसवंतहून वणीचा डोंगर काही फार लांब नाही. सप्तशृंगीच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला ती अठरा हातांची देवी कोणाच्या बाजूने उभी आहे, हे समजावून सांगावे लागत नाही. महिषासुर मातला, देवीने त्याला मारले; ऐकणारा निर्धास्त मनाने हात जोडतो, प्रसाद घेतो आणि डोंगर उतरतो. खरी अडचण येते ती दोन्ही बाजूंना देवच उभे असले म्हणजे! अशा वेळी हात कोणापुढे जोडायचे? आणि जोडलेले हात पाहून दुसरा रागावला तर?

'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती लोण्यासाठी भांडणाऱ्या मांजरांना आणि मधल्या माकडाला ठीक लागू पडते. देवांच्या भांडणातला तिसरा म्हणजे माणूस, आणि त्याला लाभ झाल्याचे फारसे ऐकिवात नाही. तरीही अशी भांडणे ऐकण्याची आणि पाहण्याची हौस माणसाने कधी सोडलेली नाही. कीर्तनात ती ऐकली, सोंगांत पाहिली, तंबूतल्या पडद्यावर पाहिली आणि आता घरातल्या पडद्यावर पाहतो. ही हौस चांगली की वाईट, आणि त्या भांडणाचा निवाडा पाहणाऱ्याने कसा करावा, हा प्रश्न वाटतो तितका करमणुकीचा नाही.

हा प्रश्न मनात घोळू लागला तो एका अगदी सामान्य इंग्रजी चित्रपटामुळे. 'द प्रॉफेसी' नावाचा एक अमेरिकन भयपट 1995 साली आला. ग्रेगरी वाइडन यांनी तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. देवदूतांमध्ये युद्ध पेटले आहे, अशी त्यातली कल्पना. युद्धाचे कारण मत्सर! देवाने मातीच्या माणसाला आत्मा दिला आणि आपल्यापेक्षा वर बसवले, हे गॅब्रिएल नावाच्या देवदूताला सहन होत नाही. तो माणसांना तोंडाने माकडे म्हणतो. ख्रिस्ती परंपरेत हाच गॅब्रिएल मेरीला पुत्रजन्माची वार्ता सांगतो आणि इस्लामी परंपरेत हाच जिब्रील प्रेषितांकडे ईश्वराची वाणी आणतो. त्यालाच खलनायक करण्याचे धाडस या चित्रपटाने केले. ख्रिस्तोफर वॉकेन या नटाने ते काम इतके थंडपणे केले, की पुढे दुसरा भाग निघाला. हा दुसरा भाग 1998 साली चित्रपटगृहांत न जाता थेट व्हिडिओच्या बाजारात आला. दिग्दर्शक बदलला होता आणि पैशांची ओढाताण पडद्यावर दिसत होती. कथा एवढीच, की एका साध्या बाईच्या पोटी देवदूताचे मूल वाढते आहे. ते जन्मले तर युद्धाचे पारडे फिरेल, म्हणून गॅब्रिएल तिच्या मागावर निघतो.

गेल्या दिवाळीत पिंपळगावला आमच्या नात्यातल्या एका बागाईतदाराच्या घरी सुट्टीला आलेल्या मुलांनी हा दुसरा भाग लावला. फराळाची ताटे मध्ये, आणि भोवती तीन पिढ्या. चित्रपट संपला तेव्हा जी मते निघाली ती मला त्या चित्रपटापेक्षा अधिक मोलाची वाटली.

कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, "पहिल्यासारखा नाही जमला. पैसेच नव्हते यांच्याकडे. देवदूतांचं युद्ध म्हणे, आणि पाच-सात माणसं अंधाऱ्या कारखान्यात मारामारी करतायत!" त्याचे वडील म्हणाले, "पैशाचं सोड. देवाचे दूत असून माणसावर जळतात? जळायला लागले, तर मग ते देवाचे कसले?" त्यांच्या धाकट्या भावाला मात्र तेच पटले होते. "दादा, मोठ्यांनाच जास्त जळायला होतं," एवढेच बोलून तो चकली मोडू लागला. सूनबाई म्हणाल्या, की पोरींना आज दिवा लावून झोपवावे लागेल. सणासुदीला असली भुतावळ कशाला लावायची? आजींना इंग्रजी कळत नाही. नातू अधूनमधून सांगत होता तेवढ्यावर त्यांनी सगळी कथा धरली होती. त्या शेवटी म्हणाल्या, "त्या बाईचं काय झालं रे? लेकरू वाचलं ना?"

"वाचलं, आजी."

"मग झालं," असे म्हणून त्या उठल्या.

या पाच मतांत तसे पाहिले तर चित्रपट-परीक्षणाचे सगळे संप्रदाय आले. एकाने कारागिरी पाहिली, दुसऱ्याने धर्मतत्त्व पाहिले, तिसऱ्याने मनुष्यस्वभाव पाहिला, चौथीने परिणाम पाहिला. आजींनी मात्र युद्ध कोण जिंकले हे विचारलेच नाही. त्या युद्धाच्या मध्ये जी सापडली होती तिची विचारपूस केली. देवांच्या भांडणाची कथा पाहण्याची खरी रीत हीच, असे मला वाटते, आणि त्याला आधार शोधायला परमुलखात जावे लागत नाही.

प्रथम पैशाची गोष्ट बाजूला काढू. साधने तुटपुंजी होती म्हणून देवाची कथा फसली, असे आपल्या मुलखाने तरी म्हणू नये. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात बोहाडा होतो. मुखवटा चढवून, टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर देव आणि दैत्य नाचतात. मुखवट्याआड कोण आहे हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. काल तोच त्याच्या शेजारी गुरे राखीत होता. तरीही देवाचे सोंग आले की बाया ओवाळायला पुढे होतात. याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा एक मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी पत्नीचे, सरस्वतीबाईंचे, दागिने गहाण पडले. स्त्री भूमिकेला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, आणि पडद्यावरची तारामती पुरुष आहे म्हणून कोणाच्या डोळ्यांतले पाणी अडले नाही.

साठ-बासष्ट वर्षांनी हेच पुन्हा घडले. 1975 साली, 'शोले' आणि 'दीवार' यांच्याच वर्षी, 'जय संतोषी माँ' नावाचा थोड्या पैशांत काढलेला चित्रपट आला आणि त्या दोन बलाढ्य चित्रपटांच्या बरोबरीने चालला. लोक चपला बाहेर काढून आत जात, पडद्यावर देवी दिसली की फुले आणि नाणी उधळीत, कोणी आरतीही करीत. त्याची कथा आठवून पाहा. संतोषी ही गणपतीची कन्या, म्हणजे पार्वतीची नातच. मृत्युलोकी तिची पूजा वाढलेली लक्ष्मी, पार्वती आणि ब्रह्माणी यांना खपत नाही. नारद नेहमीप्रमाणे काडी लावतो. आजीच नातीवर जळते म्हटल्यावर भोगायचे कोणी? तर सत्यवती नावाच्या एका सासुरवाशिणीने! तिचा नवरा परमुलखात हरवतो, जावा तिला छळतात, उद्यापनाच्या जेवणात आंबट कालवले जाते. देवींचे वैर स्वर्गात, आणि त्याचे चटके स्वयंपाकघरात. त्या चित्रपटात नवल-चमत्कार भरपूर होते; पण बाया रडल्या त्या सत्यवतीसाठी. पडद्यावर जे चालले होते ते त्यांना अपरिचित नव्हते. घरातल्या दोन थोर माणसांचे बिनसले म्हणजे ताटली कोणाच्या अंगावर पडते, हे त्या जाणून होत्या.

आता हरिश्चंद्राची कथा घ्या. आपल्याकडे ती सांगितली जाते ती अशी: इंद्राच्या सभेत वसिष्ठांनी राजाच्या सत्यनिष्ठेची स्तुती केली आणि विश्वामित्रांनी ते सत्त्व हरण करून दाखवण्याची प्रतिज्ञा केली. म्हणजे वाद दोन ऋषींचा, सभा देवांची, आणि राज्य गेले हरिश्चंद्राचे. पत्नी विकली गेली, मूल विकले गेले, राजा स्वतः डोंबाघरी राबला, काशीच्या स्मशानात स्वतःच्याच मुलाच्या प्रेतावर कर मागण्याची वेळ त्याच्यावर आली. ही कथा आपल्या हाडीमाशी खिळली आहे.

पण या कथेला एक दुसरा भागही आहे, तो किती जणांना ठाऊक असेल? मार्कंडेय पुराणात हरिश्चंद्राच्या आख्यानाला लागूनच तो येतो. बारा वर्षे जलवासात असलेले वसिष्ठ बाहेर आले. आपल्या यजमानाचे काय हाल झाले हे त्यांना कळले, आणि संतापून त्यांनी विश्वामित्रांना बगळा होण्याचा शाप दिला. विश्वामित्रांनी उलट शाप देऊन वसिष्ठांना आडी नावाचा पक्षी केले. मग त्या दोन प्रचंड पक्ष्यांचे युद्ध जुंपले. पंखांच्या फडफडाटाने पर्वत ढासळले, समुद्र उसळले, पृथ्वी डळमळली, असंख्य जीव चिरडून मेले. अखेर ब्रह्मदेव धावून आले आणि त्यांनी दोघांना पुन्हा ऋषी केले. भव्यतेच्या हिशेबाने हा दुसरा भाग पहिल्याहून किती तरी मोठा! पहिल्या भागात पृथ्वी डळमळत नाही. नुसते एक कुटुंब मोडते. तरी फाळक्यांनी चित्रपटासाठी निवडला तो पहिलाच. शतकानुशतके कीर्तनकारांनी रंगवला तोही पहिलाच. आडी-बकाच्या युद्धाला ना कीर्तन मिळाले, ना नाटक, ना पडदा.

असे का झाले? माझे उत्तर सरळ आहे. दुसऱ्या भागात माणूस नाही. असंख्य जीव मेले असे पुराण सांगते. पण त्यांतल्या एकाचेही नाव सांगत नाही. जिथे मरणाऱ्याला नाव नाही, तिथे युद्ध कितीही मोठे असले तरी ऐकणाऱ्याच्या मनात ते उतरत नाही. त्या अमेरिकन चित्रपटाच्या दुसऱ्या भागाला एवढे श्रेय दिलेच पाहिजे, की त्याने साध्या बाईला मध्यभागी ठेवले, आणि शेवटी गॅब्रिएलला शिक्षा दिली ती माणूस होऊन जगण्याची. ज्यांना तुच्छ लेखले त्यांच्यातच ये, थंडीत कुडकुड, भूक सोस! पैसे अपुरे पडले असतील. पण हा विचार काही हलका नाही.

याच्या उलट्या बाजूचे एक उदाहरण आपल्याच घरांत येऊन गेले आहे. संतोषीमातेची लाट आल्यानंतरच्या वर्षांत तिच्या नावाची पोस्टकार्डे घरोघर येऊ लागली. खाली सही नसे. मजकूर साधारण एकच: या पत्राच्या इतक्या प्रती करून इतक्या जणांना पाठवा, पाठवणाऱ्याला धनलाभ झाला, फाडून टाकणाऱ्यावर संकट कोसळले. ज्यांनी चित्रपट पाहताना डोळे पुसले होते, त्यांच्यातल्याच कितीकांनी धास्तावून ती कार्डे लिहिली. आज कार्डे गेली, मोबाइलवर तेच संदेश येतात. मला हा त्या चित्रपटाचा दुसरा भाग वाटतो. कोणी न काढलेला, पण गावोगाव चाललेला. त्यात देवीचा कोप राहिला आणि सत्यवती वगळली गेली. कणव वाटावी असे कोणी उरलेच नाही. उरली ती फक्त स्वतःची भीती.

भीतीची कथा सांगण्यात पाप आहे असे मी म्हणत नाही. आजीच्या कुशीत भुताची गोष्ट ऐकण्यात केवढे सुख असते! पण भीतीभीतीत फरक आहे. एका भीतीने माणूस शेजारच्याचा हात धरतो, आणि दुसरीने तोच हात झटकून स्वतःपुरता मंत्र पुटपुटतो. पहिल्या भीतीत दुसऱ्याची काळजी असते, म्हणून ती भक्तीच्या जवळ जाते. दुसरी केवळ व्यवहार असते: मी इतके केले, आता मला सोड. या दुसऱ्या भीतीवर पोट भरणारे बुवा आणि मांत्रिक महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले. त्यांच्याविरुद्ध बोलणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात मारले गेले, आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा मांत्रिकाला धरील. घरातल्या त्या निनावी कार्डाचे काय करायचे, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

इथे कोणी म्हणेल, "तुम्ही देवांवर उगाच रागावता. सोने तापवल्याशिवाय कसाला उतरते का? विश्वामित्र नसते, तर हरिश्चंद्राची कीर्ती झाली असती का?" हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. संकटातून माणूस उजळतो, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण सोन्याला तापण्याचे दुःख नसते, रोहिदासाला होते. कीर्ती झाली ती बापाची, आणि साप चावला तो पोराला. ज्याला तावून सुलाखून पाहिले तो उजळून निघाला, एवढ्याने तावणाऱ्याचे कृत्य शुद्ध ठरत नाही. खुद्द पुराणकारालाही ही टोचणी असली पाहिजे. नाही तर वसिष्ठांचा तो संताप त्याने लिहिलाच नसता! मात्र त्या संतापातही चूक झाली. यजमानाच्या दुःखाने वसिष्ठ पेटले ते सूड घ्यायला. आणि त्या सुडात जे जीव चिरडले गेले, ते हरिश्चंद्राहून अधिक निरपराध होते. अन्यायाची चीड आली म्हणून माणूस, किंवा ऋषीही, आपोआप न्यायी होत नाही.

याचा पडताळा पाहायला पुराण उघडण्याचीही गरज नाही. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसवले. सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केले. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडावा, हे सरकारचे म्हणणे. या शुल्काने धंदाच बसेल, हे व्यापाऱ्यांचे म्हणणे. दोन्ही म्हणणी ऐकण्यासारखी होती. पण जवळजवळ पंधरवडा बाजार समित्यांची आवारे ओस पडली, आणि चाळीत कांदा सडत होता तो तिसऱ्याचाच.

आणि घर? मुलांच्या दृष्टीने थोर माणसे हेच देव असतात. त्यांच्या हाती शिधा असतो, किल्ल्या असतात, राग असतो, वर असतो. द्राक्षबागेच्या बांधावरून, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन भावांत बिनसते. दोघांनाही विचारा, दोघांची बाजू खरी वाटते, आणि पुष्कळदा दोघांच्याही बाजूत खरेपणा असतोच. मग भाऊबीज येते. बहीण निरांजन, सुपारी आणि अक्षता घेऊन माहेरच्या वाटेला लागते आणि गावात शिरताच तिचे पाऊल अडते. आधी कोणाच्या ओट्यावर चढावे? धाकट्याकडे गेली तर थोरला म्हणणार, "तुला तोच जवळचा." थोरल्याकडे गेली तर धाकट्याची बायको दार उघडील, पण बोलणार नाही. तिचा त्या बांधाशी काही संबंध नसतो. तिला फक्त दोन्ही भावांना ओवाळायचे असते. वसिष्ठ आणि विश्वामित्र यांच्या मध्ये तारामती उभी होती, तशीच ही उभी आहे. आणि हिच्यासाठी ब्रह्मदेव धावून येत नाही.

न्यायनिवाडा करू नये, सगळे विसरून गळ्यात गळे घालावे, असा उपदेश मी करणार नाही. बांध कोणाचा याचा निकाल लागलाच पाहिजे. त्यासाठी मोजणी आहे, कचेरी आहे, चार जाणती माणसे आहेत. पण निकाल लागेपर्यंत मध्ये कोण उभे आहे, आणि त्याच्या अंगावर काय पडते आहे, हे पाहणे दोघांचेही काम आहे. जो हे पाहतो तो भांडतानाही माणूस राहतो. जो पाहत नाही त्याची बाजू सोळा आणे खरी असली, तरी त्याचे पंख आडी-बकाचेच.

हरिश्चंद्राच्या कथेचा शेवट आपण सहसा घाईने सांगतो: देव प्रसन्न झाले, रोहिदास उठला, राजा स्वर्गाला गेला. पुराणात या दोन गोष्टींच्या मध्ये एक प्रसंग आहे. इंद्र विमान घेऊन आला आणि 'चल' म्हणाला, तेव्हा हरिश्चंद्राने नकार दिला. माझ्या दुःखाने अयोध्येची माणसे झुरत आहेत, त्यांना मागे टाकून मी येणार नाही. माझ्या पुण्यात त्यांचाही वाटा आहे, ते वाटून एकच दिवस स्वर्ग मिळत असेल तर तेवढाच सर्वांना मिळू दे, असे त्याने सांगितले. इंद्राला ते मान्य करावे लागले. ज्याला देवांच्या सभेत कोणी काही विचारले नव्हते, त्यानेच देवांच्या राजाला आपली अट घातली. त्याने विश्वामित्रांचा सूड मागितला नाही, वसिष्ठांची बाजूही घेतली नाही. मागे कोण राहिले आहे, एवढेच त्याने पाहिले.